विश्लेषण : पुण्यात व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द किती वर्षांची?

१४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर आला आणि त्याच व्यासपीठावरून राज्य सरकारच्या ‘महादेवा’ या फुटबॉल प्रकल्पाची सुरुवात झाली. राज्यातून निवडलेल्या, १३ वर्षांखालील ३० मुले आणि ३० मुलींना घडवण्याची ही योजना. बरोबर सहा दिवस आधी, ८ डिसेंबरला, देशातील सर्वोच्च फुटबॉल लीग ज्या १५ वर्षांच्या करारावर उभी होती तो करार संपला होता. पुढची लीग कोण चालवणार, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना या दोन बातम्या एकत्रच वाचाव्या लागतात. १३व्या वर्षी मुलगा निवडला गेला, तर २३व्या वर्षी तो कुठे खेळेल? पुण्यात, त्यातही सदाशिव पेठेत, हा प्रश्न अधिक टोकदार होतो. टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर संध्याकाळी मुले खेळत असतात आणि तिथून चार पावलांवर अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुले जागा धरून बसलेली असतात. कोणत्या दारातून आत जायचे, हे अकरावी-बारावीत ठरवावे लागते. आणि पुण्यात फुटबॉलचे दार गेल्या १८ वर्षांत चार वेळा उघडून चार वेळा बंद झाले आहे.

कारकीर्द म्हणजे नेमके काय?

फुटबॉलपटू म्हटले की मेस्सी किंवा सुनील छेत्री डोळ्यांसमोर येतात. पण या व्यवसायात पोट भरणारे बहुसंख्य खेळाडू कोणाच्या भिंतीवरच्या पोस्टरवर नसतात. ते पाहायचे तर इंग्लंडमधील खालच्या लीग पाहाव्या लागतात. तिथे प्रीमियर लीगमध्ये २० क्लब आहेत. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी २४, म्हणजे ७२ क्लब. हे सगळे पूर्ण व्यावसायिक फुटबॉलचे जग. त्याखाली नॅशनल लीग आणि मग अर्धवेळ खेळाडूंच्या अनेक पायऱ्या. जेमी वार्डी अशाच तळाच्या एका क्लबात आठवड्याला ३० पौंडांवर खेळत होता आणि २०१६ मध्ये लेस्टरसोबत प्रीमियर लीग जिंकला. पण ती गोष्ट सांगितली जाते, कारण ती क्वचित घडते.

नेहमी घडते ते असे. मुलाला १६व्या वर्षी क्लबकडून दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते, सोबत शिक्षण चालू ठेवावे लागते. १८व्या वर्षी व्यावसायिक करार मिळतो किंवा नारळ मिळतो. मिळालाच तर खालच्या लीगमध्ये तो बहुधा एक-दोन वर्षांचा असतो. दर वर्षी मे महिन्यात क्लब कोणाला ठेवले आणि कोणाला सोडले याची यादी जाहीर करतो, आणि ३० जूनला करार संपतो. म्हणजे तिशीतला, घराचे हप्ते भरणारा माणूस दर एक-दोन उन्हाळ्यांनी पुन्हा नोकरीच्या शोधात असतो. आपल्याकडे कंत्राटी प्राध्यापक किंवा ‘११ महिन्यांच्या ऑर्डर’वर काम करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मात्र या अनिश्चिततेच्या खाली एक जमीन आहे. तिथली खेळाडूंची संघटना १९०७ पासून काम करते. १९६१ पर्यंत तिथे वेतनावर मर्यादा होती. आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त देताच येत नसे. संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा ती उठली. क्लब कर्जात बुडाला तरी लीगमध्ये टिकायचे असेल, तर खेळाडूंची थकबाकी आधी चुकती करावी लागते. या सगळ्यामुळे एक साधा, फारसा प्रसिद्ध नसलेला खेळाडूही पंधरा-सोळा वर्षे काम करू शकतो. असा एक खेळाडू पुण्यातही येऊन गेला.

बॉबी हॅसल कोण होता?

बॉबी हॅसल हा १९८० मध्ये जन्मलेला इंग्लिश बचावपटू. मॅन्सफिल्ड टाउन या खाणकामगारांच्या भागातील छोट्या क्लबातून त्याने सुरुवात केली आणि २००४ पर्यंत तिथेच खेळला. मग बार्न्सली. तिथे दहा वर्षे. २००६ मध्ये बार्न्सली लीग वनमधून चॅम्पियनशिपमध्ये चढला. २००८ मध्ये याच क्लबने एफए कपमध्ये आधी लिव्हरपूलला आणि मग चेल्सीला हरवून उपांत्य फेरी गाठली. हॅसल तेव्हा बार्न्सलीतच होता. पण प्रीमियर लीगमध्ये तो कधीच खेळला नाही. दोन क्लब, १६ वर्षे, चारशेहून अधिक सामने. २०१४ मध्ये बार्न्सली पुन्हा खाली घसरला आणि हॅसलचे नाव सोडलेल्यांच्या यादीत गेले.

वयाच्या चौतिशीत तो पुण्यात आला. कल्याणी समूहाने भारत एफसी हा नवा क्लब काढला होता आणि प्रशिक्षक म्हणून स्टुअर्ट वॉटकिस यांना आणले होते. वॉटकिसही याच जगातले. वॉल्सॉल, हेरफर्ड, मॅन्सफिल्ड असे क्लब खेळलेले, आणि हॅसल मॅन्सफिल्डमध्ये असताना काही काळ तिथले व्यवस्थापक. खालच्या लीगमधले काम असेच मिळते. जाहिरात नसते, जुनी ओळख असते.

भारत एफसी २०१४-१५ ची आय-लीग खेळला. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सामने होत. ११ संघांत तो शेवटचा आला. नियमाने शेवटचा संघ खाली जायला हवा होता, पण थेट प्रवेश विकत घेतलेल्या क्लबांना सुरुवातीला त्यातून सूट होती. त्यामुळे खाली गेला तो त्याच्या वरचा संघ, पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो. आणि ज्याला वाचवले तो भारत एफसी त्या एका हंगामानंतर बंदच झाला. भारतीय फुटबॉलमधल्या नियोजनाबद्दल यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

हॅसल इंग्लंडला परतला. त्याच बार्न्सलीच्या अकादमीत तो कामाला लागला आणि पुढे तिचा प्रमुख झाला. भारत एफसीमधल्या भारतीय खेळाडूंना असा परतायला क्लब नव्हता.

पुण्यातल्या इतर क्लबांचे काय झाले?

सर्वांत आधीचा आणि सर्वांत नीट चाललेला पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने तो २००७ मध्ये सुरू केला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० मध्ये त्याने पहिल्यांदा आय-लीग खेळली आणि तिसरा क्रमांक मिळवला. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली उपविजेतेपद. खेळाडूंसाठी अकादमी होती, युवा संघ होते, महाराष्ट्रातल्या मुलांना घराजवळ व्यावसायिक करार मिळण्याची ती पहिली खरी संधी होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. पैसा, टीव्ही आणि चित्रपट तारे तिकडे गेले. २०१५ मध्ये पुणे एफसीने वरिष्ठ संघ बंद केला. त्याच उन्हाळ्यात भारत एफसीही गेला. एका शहरातून दोन महिन्यांत दोन व्यावसायिक संघ नाहीसे झाले, आणि शहराने त्याची फारशी दखलही घेतली नाही.

त्यांची जागा घ्यायला डीएसके शिवाजीयन्स आला. हा पुण्यातला जुना स्थानिक क्लब. डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने त्याला बळ दिले, लिव्हरपूलशी करार करून निवासी अकादमी उभी केली आणि २०१५-१६ पासून आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळवला. दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, संघ बाहेर पडला. पाठोपाठ तो समूहच आर्थिक अडचणीत सापडला. पुढची कथा पुणेकरांना माहीत आहे.

चौथा एफसी पुणे सिटी. राजेश वाधवान समूह आणि सहमालक हृतिक रोशन. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे बालेवाडीत खेळला. पुणे एफसीची अकादमीही नंतर याच क्लबाकडे आली. २०१७-१८ मध्ये संघाने उपांत्य फेरी गाठली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये प्रशिक्षक म्हणून फिल ब्राउन आले. हेही खेळाडू म्हणून हार्टलपूल, हॅलिफॅक्स, बोल्टन, ब्लॅकपूल अशा खालच्या पायऱ्यांवर कारकीर्द काढलेले आणि नंतर व्यवस्थापक म्हणून हल सिटीला प्रीमियर लीगमध्ये नेलेले. हंगाम संपला, पैसे संपले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयएसएलमधली पुण्याची जागा हैदराबाद एफसीकडे गेली आणि ब्राउन यांच्यासह अनेक खेळाडू तिकडे गेले.

ती जागा पुढेही फिरतच राहिली. हैदराबाद एफसी मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल विजेता झाला. दोन वर्षांत तिथे खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, नवे खेळाडू घ्यायला बंदी आली. मालक बदलले. २०२५ मध्ये क्लब दिल्लीला हलला आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाले. पुणे, हैदराबाद, दिल्ली. सहा वर्षांत तीन शहरे. खेळाडूचे घर, मुलांची शाळा, भाड्याची अनामत हे सगळे त्या जागेमागे फिरते.

इंग्लंडमध्येही क्लब बुडतात, मग फरक काय?

बुडतात. आणि त्यातला एक क्लब भारतीय वाचकांच्या ओळखीचा आहे. १९९९ मध्ये भायचुंग भुतिया मँचेस्टरजवळच्या बरी या क्लबाकडून खेळायला गेला. बरी तेव्हा तिसऱ्या पायरीवर होता. भुतिया तिथे २००२ पर्यंत राहिला, लीगचे ३७ सामने खेळला, तीन गोल केले. दुखापतीही झाल्या. इंग्लंडच्या खालच्या लीगमधील भारतीय व्यावसायिकाची सर्वांत ठळक कारकीर्द अजूनही तीच.

हाच बरी, १८८५ मध्ये स्थापन झालेला आणि एफए कप दोनदा जिंकलेला क्लब, ऑगस्ट २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात कर्जापायी लीगमधून हाकलला गेला. योगायोग असा की, हैदराबाद एफसीची घोषणाही त्याच आठवड्यातली. पण पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. बरीच्या समर्थकांनी आधी नवा क्लब काढून अगदी तळाच्या पायरीपासून सुरुवात केली. मैदान परत मिळवले. दोन गट भांडले, मग एकत्र आले, आणि २०२३ मध्ये बरी एफसी या नावाने संघ पुन्हा आपल्या जुन्या मैदानावर उतरला. या आणि अशा प्रकरणांनंतर ब्रिटिश संसदेने २०२५ मध्ये कायदा करून क्लबांच्या आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमला.

पुणे सिटीसाठी असे काही झाले नाही. होणेही अवघड होते, कारण पुण्यातले क्लब कंपन्यांच्या ताळेबंदातून जन्मले आणि ताळेबंदातच संपले. सदाशिव पेठेत शंभरी ओलांडलेली गणेश मंडळे आहेत. वर्गणी, कार्यकर्ते, रुसवेफुगवे, सगळे सांभाळून ती चालतात, कारण ती पेठेची आहेत. कोल्हापुरात फुटबॉलचे नेमके तसे आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब हे संघ तालमींचे आणि पेठांचे. शाहू स्टेडियम त्यांच्या सामन्यांना भरते. तिथे कोणी मालक निघून गेला म्हणून संघ बंद पडत नाही. पण तिथे पूर्णवेळ पगाराचा, देशपातळीवर खेळणारा संघही उभा राहिला नाही. पुण्यात पैसा आला आणि मुळे नव्हती. कोल्हापुरात मुळे आहेत आणि पैसा येत नाही. या दोन्हींची गाठ महाराष्ट्रात अजून पडलेली नाही.

अनिकेत जाधवची वाट कशी होती?

कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव हे या सगळ्या साखळीचे सर्वांत चांगले उदाहरण. तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुण्यात आला, पुणे एफसीच्या अकादमीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्यानंतर इंडियन ॲरोज या युवा संघाकडून पहिल्याच आय-लीग सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. पुढे जमशेदपूर, मग हैदराबाद. म्हणजे ज्या शहरात तो शिकला त्या शहरात त्याला खेळायला वरिष्ठ संघच उरला नव्हता. आणि पुण्याची जागा जिथे गेली, त्या हैदराबादच्या विजेत्या संघात तो होता.

मधे एक वळण आहे. २०१९ मध्ये तो तीन महिने इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्ससोबत सराव करून आला. ब्लॅकबर्न २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाचा क्लब आहे. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग ज्या १२ क्लबांनी स्थापन केली त्यांतला हा एक, आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. पुण्याच्या मालकीखाली तो २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून आणि २०१७ मध्ये चॅम्पियनशिपमधूनही खाली गेला. २०१८ मध्ये एक पायरी वर आला. समर्थकांनी मालकांविरुद्ध अनेकदा निदर्शने केली. पण क्लब ब्लॅकबर्नमध्येच राहिला. तो उचलून दुसऱ्या शहरात नेण्याचा विचार तिथे कोणी बोलूनही दाखवू शकत नाही.

अनिकेतला तिथे करार मिळू शकला असता का? जवळजवळ अशक्य होते. ब्रिटनमध्ये परदेशी खेळाडूला काम करण्याचा परवाना देताना त्याच्या देशाचे जागतिक क्रमवारीतील स्थान आणि तो खेळत असलेल्या लीगचा दर्जा पाहिला जातो. पहिल्या ५० देशांना त्यात झुकते माप असते. भारत शंभराच्या बाहेर आहे. पुण्याच्या पैशाने इंग्लंडचा क्लब विकत घेता येतो, पुण्यात घडलेल्या मुलाला त्या क्लबात नोकरी देता येत नाही, असे हे गणित आहे.

यंदाच्या लीगमुळे खेळाडूंचे काय झाले?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये ७०० कोटी रुपयांत १५ वर्षांसाठी व्यावसायिक हक्क दिले होते. तो करार संपत आला तरी नूतनीकरण झाले नाही. जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनीने हंगाम स्थगित ठेवला. ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. मग नव्या हक्कांसाठी निविदा निघाली. ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबांची, ९१ सामन्यांची लीग होईल अशी घोषणा केली.

९१ सामने म्हणजे प्रत्येक संघाला १३. आदल्या हंगामात साखळीत प्रत्येकी २४ होते. छेत्रीला याचा फरक पडत नाही. पंधराव्या-सोळाव्या क्रमांकाच्या खेळाडूला पडतो. राखीव बाकावरून उठून आपण खेळू शकतो हे दाखवायला त्याला जी संधी मिळते ती निम्म्यावर आली, आणि त्याच संधीवर पुढचा करार अवलंबून असतो.

कागदावर त्याला संरक्षण आहे. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर १५ दिवसांची नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो आणि थकबाकी मागू शकतो. भुतियाच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झालेली खेळाडूंची संघटनाही आहे. पण करार मोडून जायचे कुठे? क्लब मोजके, मालक एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे बहुतेक जण थांबतात.

मग सदाशिव पेठेतला हिशेब काय?

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत. फुटबॉलपटूच्या दुसऱ्या डावाचा हा सर्वांत ठोस आधार. मात्र तो व्यावसायिक कराराला नव्हे, मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीच्या प्रमाणपत्राला मिळतो, आणि ते प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावे लागते. म्हणजे राज्याच्या संघातून खेळलेल्या मुलाच्या हातात कागद असतो. बंद पडलेल्या क्लबाच्या राखीव संघात तीन वर्षे घाम गाळलेल्या मुलाच्या हातात असेलच असे नाही. शिवाय आरक्षण मिळाले तरी परीक्षा द्यावीच लागते. म्हणून २६-२७व्या वर्षी बूट काढलेला खेळाडू अभ्यासिकेत बसतो तेव्हा त्याच्या शेजारचा मुलगा त्याच्यापेक्षा सहा वर्षे आधीपासून तिथे बसलेला असतो.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटत असे. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया यांचे संघ होते. खेळाडू कारकून किंवा शिपाई म्हणून भरती होई, खेळणे थांबले तरी नोकरी राही. पगार थोडा, पण निवृत्तिवेतनापर्यंतचा. व्यावसायिक लीगने ती पद्धत मागे टाकली. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा देशाचा विजेता राहिलेला कंपनीचा संघही २०१० मध्ये बंद झाला. नव्या पद्धतीने पगार वाढवला. क्लब बंद पडल्यावर खेळाडूचे काय, ही जबाबदारी मात्र कोणी घेतलेली नाही.

‘महादेवा’तल्या ६० जणांपैकी सर्वांत मोठी मुले २०३० च्या सुमारास १८ वर्षांची होतील. आयएसएलमध्ये आज महाराष्ट्राचा एकच क्लब आहे, मुंबई सिटी. वरच्या दोन पायऱ्यांवर पुण्याचा एकही नाही. बालेवाडीचे मैदान आहे, पुणे जिल्हा संघटनेची स्थानिक लीग दर वर्षी होते, तिच्यात वेगवेगळ्या श्रेणींत संघ उतरतात. त्यांतल्या एखाद्या संघाला वर चढून टिकता यावे यासाठी राज्याची काही योजना आहे का, हे मात्र वानखेडेवरच्या त्या संध्याकाळी कोणी सांगितले नाही.